चुकलेला ठोका

मुलीने तिच्या बँडचा पहिला अल्बम घरात सर्वांत आधी मला ऐकवला. कानठळ्या बसवणारं हेवी मेटल रॉक, आणि त्याखाली कोंगा नावाच्या उंच ढोलांवरचा क्यूबाकडचा नाचरा ताल. मी सवयीने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागलो. ती माझ्या बोटांकडेच बघत होती.

तिसरं गाणं संपल्यावर तिने विचारलं, "आवडतंय का, बाबा?"

"आत्ताच्या गाण्यात ठोका अर्धी मात्रा आधी पडलाय."

"अहो, तो ताल तसाच असतो. मुद्दाम."

"चुकलं की सगळेच मुद्दाम म्हणतात."

मोजणाऱ्याला आधी चूक सापडते. ती सापडल्याचा त्याला आनंदही होतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतो. माझ्याही दिसला असणार.

अल्बम बेचाळीस मिनिटांचा आहे. अकराव्या मिनिटाला तिने तो बंद केला. उरलेली एकतीस मिनिटं तिने मला अजून ऐकवलेली नाहीत.