लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील चांदूर रेल्वेकडचे. काळ्या रानात आयुष्य गेलेला माणूस, बोलणं ढेकळासारखं, लागलं तर लागलं. मी त्यांची एकुलती लेक. लग्न होऊन अकोल्यात आले आणि त्यांच्या मते तिथेच बिघडले. आमच्या दोघांचं गोड बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. फोनवर ते विचारायचे, "काय करून राहिली?" मी म्हणायची, "भांडायची वाट पाहून राहिली." मग दोघांनाही बरं वाटायचं.

बाबा माझ्या घरी पाणी पीत नसत. लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्यांच्या घरी ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते. मला मूल झालं नाही, त्यामुळे माझ्या घरी ती ठाण मांडून बसली. आई होती तोवर ती स्वयंपाकघराचं दार लोटून गुपचूप चहा प्यायची आणि बाबा भर मे महिन्यात बाहेर ओट्यावर कोरडे बसायचे. मी कधी आग्रह केला नाही. मीही त्यांचीच लेक.

मग त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्रास जुना असणार. धार बारीक झाली होती, घडीघडी उठावं लागायचं. पण ती वर्षंच अशी होती की आजूबाजूच्या गावांतून कोणी ना कोणी शेतकरी फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी यायची, आणि बाबा म्हणायचे, "लोकं मरून राहिले, अन् मी आपल्या मुताचं रडगाणं गाऊ?" अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग गाठीच्या बाहेर गेलेला नाही, शेक घेतला तर बरे व्हाल. शेक म्हणजे रेडिएशन. त्याचं मशीन अकोल्याला, म्हणजे कित्येक आठवडे मुक्काम माझ्याकडे.

आले ते अटी घेऊनच. डबा खानावळीचा. पाणी आमच्या समोर गाद्या भरणाऱ्या चाचांच्या दुकानातलं, त्यांच्या माठातलं.

"चाचाचं पाणी चालते तुमाले, माह्यं चालत नाई?"

"तो माह्यी लेक हाये का?"

मी रागानं दार आपटलं. त्यात माझंच बोट सापडलं, आणि बाबांनी ओट्यावरूनच विचारलं, "मोडलं का दार?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रोस्टेट ही सुपारीएवढी गाठ, लघवीच्या पिशवीखाली बसलेली. मागे शौचाची जागा, वर आतडी. मशीनचे किरण चहूबाजूंनी येतात, पण नेम फक्त गाठीवर. आसपासच्या चांगल्या भागाला धक्का लागू नये म्हणून पोट साफ हवं आणि लघवीची पिशवी पाण्यानं भरलेली हवी. भरली की ती फुगते आणि आतड्यांसकट वर सरकते. रिकामी असली की सगळं किरणांच्या वाटेत येतं.

"म्हणजे फवारणीच," बाबा म्हणाले. "शेजाऱ्याच्या वावरात औषध नाई उडालं पाह्यजे."

डॉक्टर खूश झाले. मला मात्र हेच समजायला त्यांच्याकडून दोनदा चित्र काढून घ्यावं लागलं होतं.

रोज सकाळी मी बाटली भरून त्यांच्या हातात द्यायची. दवाखान्यात आधी लघवी करून यायचं, मग ती अख्खी प्यायची, मग थांबायचं. पहिल्याच आठवड्यात मशीनवरच्या पोरीनं त्यांना आत घेतलं, तपासलं आणि परत पाठवलं. "बाबा, पिशवी रिकामी आहे. पाणी प्यायलात का?"

"प्यालो."

दुसऱ्या दिवशी तेच. मग एक दिवस जमलं, मग पुन्हा दोन दिवस नाही. ती पोरगी माझ्याकडे असं पाही, जणू बाटलीला भोक मीच पाडलंय. शेवटी डॉक्टर वैतागले. "असे खाडे पडले तर शेकाचा उपयोग होत नाही. रोग थांबायचा नाही. घ्यायचा असेल तर नीट घ्या, नाहीतर गावी जा."

त्या दिवशी मी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. खांबामागे लपले, माझ्या आकाराच्या बाईनं खांबामागे लपणं किती यशस्वी होतं ते सोडा. बाबा आवारातल्या कडुनिंबाखाली गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली बुंध्याशी ओतली. सावकाश, रोपाला पाणी घालावं तशी. मग व्हरांड्यातल्या पाण्याच्या कूलरला तोंड लावलं, पण दोन घोटांतच गार पाण्यानं दात ठणकले, तसे गाल धरून बसले.

मी तिथेच ओरडले. "काय करून राहिले हो तुमी?"

"झाडाले टाकलं. वाया नाई घातलं."

"बाबा, ते पाणी महापालिकेचं हाये. धरणातून येते. माह्यं काहीच नाई त्याच्यात."

"तुह्या घरातून आलं ना?"

"मग चाचाकडून भरून आणत जा!"

"रोज बाटली घेऊन त्याच्या दारात उभा राहू? तो काय म्हणंल, लेक पाणी देत नाई? तुह्यी इज्जत नाई का काई?"

म्हणजे माझी इज्जत राखायला हा माणूस मरायला निघाला होता. रांगेतले लोक वळून पाहायला लागले. मला तेव्हा लोकांची लाज नव्हती.

"मले लेकरू झालं नाई म्हणून तुमी मरता काय? मरा. पण गावात सांगून मरा. पोरीनं मारलं असं नका म्हणू."

"गप बस."

"नाई बसत. कोणासाठी पाळून राहिले ही रीत? आई गेली. सासरचे विचारत नाहीत. कोण पाहून राहिलं?"

बाबा बाकावर बसले. रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न पाहता, तितक्याच रागानं म्हणाले, "पाणी प्यालो म्हणजे मी सोडून देल्लं असं होते. म्हणून नाई प्यालो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातून निघालं ते हे, "बाबा, मी अठ्ठेचाळीस वर्षांची हाये. आता माह्यावाल्या घरात नवीन काही आलं तर गुडघ्याचा पट्टा येईल."

ते हसले नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच. माझ्या पिशवीत माझ्यासाठी भरलेली दुसरी बाटली होती. त्यांनी स्वतःच पिशवीत हात घातला, ती काढली आणि एका दमात संपवली. कडू काढा प्यावा तसं तोंड केलं. "खारं हाये," म्हणाले. "या पाण्यानं डाळ तरी शिजते का?"

मग आम्ही शेजारी बसून राहिलो. लोक पुढे जात होते. एकदा ते मांडी आवळून म्हणाले, "लागली," आणि मी म्हणाले, "धरा," आणि त्यांनी मला अशी शिवी दिली की समोरची म्हातारी पदरात हसली. नाव पुकारलं. आत गेले. या वेळी कोणी परत पाठवलं नाही. त्या दिवसापासून एकही खाडा झाला नाही, आणि पुढे रक्ताचा रिपोर्टही डॉक्टरांना हवा तसा आला.

पण त्या दुपारी रिपोर्ट कुठे होता? रिक्षात मी जिंकल्यासारखी बसले होते आणि मला अजिबात जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. माझ्या लेकराची वाट मी स्वतः केव्हाच सोडली होती, घरच्यांनी त्याही आधी. एक माणूस ओट्यावर कोरडा बसून ती वर्षानुवर्षं पाहत होता, आणि मी त्याला भर दवाखान्यात, चार लोकांसमोर, ती सोडायला लावली.

घरी आलो. बाबा ओट्यावर थांबले नाहीत. चपला काढून सरळ आत आले, भिंतीला टेकून बसले. खानावळीचा डबा दारात तसाच पडलेला होता.

"सैपाक काय केला?" त्यांनी विचारलं.

मी सकाळचं वांग्याचं पातेलं पुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांना ताट वाढलं. त्यांनी घास घेतला, चावला.

"तुह्या मायले बी वांगं नाई जमे," म्हणाले, आणि दुसरी भाकर मागितली.