तुलनेचं गाव

लोकांच्या दारात जाऊन त्यांना प्रश्न विचारायचे, हे माझं काम. संस्था मुंबईतली. प्रश्न तिथे गार खोलीत तयार होतात, उत्तरं मात्र उन्हातून आणावी लागतात. दार उघडल्यावर मी आधी कुत्रा बांधलाय का ते विचारते आणि मग शेतीचं. नोकरीत एवढं शहाणपण नक्की आलं.

त्या वर्षीचा विषय होता बंदराकडे जाणारा, नव्याने रुंद केलेला रस्ता. त्याने शेतकऱ्याचं काय झालं आणि मालवाहतुकीच्या धंद्याचं काय झालं, ते मोजायचं होतं. मोजायची रीत तशी सोपी असते. रस्त्यालगतची काही गावं घ्यायची, रस्त्यापासून लांबची पण बाकी सगळ्या बाबतीत सारखी अशी काही गावं घ्यायची आणि दोन्हींतला फरक बघायचा. लांबच्या गावांना आमचे सर 'तुलनेची गावं' म्हणायचे. रस्त्याने त्यांचं बरंही केलेलं नाही आणि वाईटही केलेलं नाही, असं धरून चालायचं. गावं सरांनी नकाशावरून निवडली. माझं माहेर रस्त्याच्या गावांत आलं आणि माझ्या आत्याचं सासर तुलनेच्या गावांत. नातेवाइकांना प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम होता. मी सरांना म्हटलं, आमच्याकडे नात्यात नसलेलं घर तुम्हीच शोधून द्या. त्यांनी नियम सोडला.

माहेरी आमच्या दादाचं घर. वडील मिठागरात राबायचे आणि खाडीलगत आमची थोडी भातशेती होती. दादाने दोन्ही सोडून ट्रेलर घेतला, पुढे दुसरा घेतला. मी गेले तेव्हा एक ट्रेलर दारात उभा होता आणि त्याच्या सावलीत वहिनी सुकट निवडत होती. दादाने मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला. बहीण कागद घेऊन आली की माणूस असा सुधारतो.

"धंदा कसा आहे?" मी विचारलं.

"रस्ता नव्हता तवा गाड्यांची लाइन लागायची, पन भाडा आमी ठरवायचो. आता गाडी सुसाट जाते, तर मोठ्या कंपन्यांनी सोताच्याच गाड्या आनल्यान. तरी चाललाय. लिही, प्रगती हाय."

"प्रगतीचा रकाना नाही."

"मंग टाक ना एक. सायबाला सांग, भाऊ बोलला."

शेतीचं विचारल्यावर तो हसला. "ती कवाच सोडली. कोन जातो आता चिखलात?" त्याच्या आधीच्या घरांनीही हेच सांगितलं होतं, त्याच्या पुढच्या घरांनीही सांगितलं. मी प्रत्येक ठिकाणी 'पडीक' असं लिहीत गेले.

आत्याच्या गावाला गाडीने जायचं तर हमरस्त्याला लागून मोठा वळसा घ्यावा लागतो. सरांनी अंतर त्याच वाटेने मोजलं होतं. मी बांधावरून चालत निघाले, कारण लहानपणापासून आत्याकडे जायची आमची वाट तीच. दोन्ही गावांची शेतं एकाच खारात आहेत. खार म्हणजे खाडीचं पाणी अडवून केलेली जमीन, आणि पाणी अडवतो तो हा मातीचा लांब बांध. अर्धा बांध आमच्या गावाने राखायचा, अर्धा आत्याच्या गावाने. भातकापणी झाली की घरटी एक माणूस जायचा. ओहोटीला खाडीतला चिकट गाळ काढायचा, पेंढ्याचा थर, गाळाचा थर असं करत पायांनी तुडवून बांध भरायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची. जो येणार नाही त्याच्या अंगणात गाळाचं एक ढेकूळ ठेवून लोक निघून जायचे. ते ढेकूळ उचलताना माझ्या वडिलांना एकदा पाहिलं होतं. त्यानंतर ते ताप असला तरी जायचे.

आता आमच्या अर्ध्या भागाकडे कोणी फिरकत नव्हतं. खेकड्यांनी तो पोखरला होता आणि मधोमध खांड पडली होती. तिच्यातून भरतीचं पाणी सरळ आत येत होतं. मला चप्पल हातात घेऊन कमरेइतक्या गाळातून पलीकडे जावं लागलं.

आत्याचं शेत मिठाने पांढरं पडलं होतं. ती आणि तिचा मुलगा, दोघंच ते शेत करायची. मी ओसरीवर बसून कागद काढला आणि गेल्या हंगामाचं पीक विचारलं. काहीच आलं नाही म्हणाली. मग कारण विचारायचं होतं. पाऊस, कीड, मजूर मिळत नाहीत, भाव मिळत नाही, इतर.

"लिही, तुजा दादा," आत्या म्हणाली.

"आत्या, असं कसं लिहू?"

"मंग ट्रेलर लिही. आमचा अर्धा बांध बघ जा, चीर गेली न्हाय. तुमचे गावानं बांध सोडला नि पानी माझे शेतात आला." मग तिने आवाज उतरवला. "येत्या पावसाचं उधान याच्या आदी खांड बांधली तर दोन पावसांत मीठ धुऊन जाईल गो. न्हायतर तिवरं उगवतील. तिवरं उगवली की तोडायला बंदी. मंग शेत गेलाच." तिवरं म्हणजे खारफुटी.

परत येताना मला सरांचा नकाशा आठवला आणि हसावं की रडावं कळेना. रस्ता या गावाला शिवला नव्हता हे खरं, पण बांधावरची माणसं त्यानेच नेली होती. आणि हिशेब तर असा होता, की आत्याचं गाव तुलनेचं, म्हणून तिचं पीक जितकं बुडेल तितका आमच्या अहवालात रस्ता चांगला दिसणार.

दादाला सांगितलं. त्याने लगेच गावाच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी ओहोटीला घरटी एक माणूस. खाली अंगठ्यांची रांग लागली. रविवारी पाण्याच्या बाटल्या आल्या, बिस्किटांचे पुडे आले, माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या गाड्या बंदरात होत्या. दादा खजील झाला असावा. त्याने फोन फिरवून मुरमाने भरलेला डंपर मागवला. आमच्या लोकांना आता कुठलीही अडचण चाकांवर घालून सोडवता येते असं वाटतं, आणि दादा त्यातला म्होरक्या. मी म्हटलं, बांध पेलेल का? तो म्हणाला, "रिव्हर्समधी हलूच घेऊ."

डंपर खांडीपर्यंत पोचला आणि मागच्या चाकांखालचा बांध बसला. ड्रायव्हर उडी मारून वाचला. डंपर बाहेर ओढायला क्रेन आणली, तिने बांधाचा आणखी एक लचका काढला. मुरूम पुढच्याच भरतीत वाहून गेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पलीकडच्या काठावर आत्या उभी होती. दादा इकडून ओरडला, "आत्या, उंद्या आजून एक आनतो!"

"नको रे बाबा," ती म्हणाली आणि घरी गेली.

मी सरांना सगळं सांगितलं. माणूस भला आहे, त्यांनी नीट ऐकलं, नकाशा उघडून पाहिला. म्हणाले, ही तुलनाच चुकीची ठरते, आपण दोन्ही गावं काढून टाकू. पुन्हा आकडे मांडून पाहिले आणि खूश होऊन सांगितलं, "निष्कर्षात फारसा फरक पडत नाही." मला त्यांचा राग आला. तेव्हाही आला, अजूनही येतो. पण शास्त्राप्रमाणे ते बरोबर होते, त्यामुळे त्या रागाचं काय करायचं ते मला समजलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्या गावांना जायचं कारण उरलं नव्हतं. मी गेले ती रजा काढून, वळशाच्या वाटेने, कारण बांधावरून आता जाता येत नाही. शेतात तिवरांचे कोंब गुडघ्याएवढे झाले होते. दादाने आत्याच्या मुलाला स्वतःच्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं. घरात नवा फ्रिज होता.

"तुजे कागदात काय लिवलं आमचं?" आत्याने विचारलं.

"तुमचं गाव काढून टाकलं."

"अस्सं," ती म्हणाली. "आता लिहायचं तर उत्पन्न वाढलं असं लिही. दर म्हयन्याला पगार येतो घरात. खोटं नको लिहू."

तिने मला जेवायला वाढलं. कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी पहिला घास घेतला, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कशी झालीय गो भाकरी?"

मी लहानपणापासून तिच्या हातची भाकरी खात आले, पण तिने हा प्रश्न मला कधीच विचारला नव्हता. मी म्हटलं, चांगली झालीय.

"दुकानाचा तांदूल हाय," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला आत गेली.