खालचं पत्र

मेलबॉक्स भरल्याची सूचना आली, म्हणून आज जुने मेल पुसायला बसले आणि नानाकाकांचं नाव दिसलं. पालीच्या सायबर कॅफेतली दुपार आठवली, तापलेल्या मशीनचा वास आणि बाहेर कोल्हापूरच्या गाडीचा हॉर्न. नातेवाइकांचा ईमेल-गट मी चालवत होते, नियमही माझेच. काका मात्र दोन ओळींच्या उत्तराखाली माझं अख्खं पत्र तसंच ठेवायचे.

"काका, खालचं कापत जा. सगळ्यांना तेच तेच परत वाचावं लागतं."

"मयताचं पत्र वाचून फाडतात गो. जित्या माणसाचं कशाला फाडू?"

मी हसले. त्यांच्या हातातला माऊस घेऊन माझं पत्र पुसून दाखवलं. "बघा, किती सुटसुटीत!"

त्यांनी आपल्या दोन ओळींखालच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. "बरं, तू म्हणशील तसं," म्हणाले आणि पुढे कायम कापत गेले.

आजारपणातलं त्यांचं शेवटचं उत्तर आज उघडलं. "नको, आता नको." त्याखाली काहीच नाही. पाठवलेले मेल तर मी दर वर्षी पुसते. "भेटायला येऊ का?" असं मी विचारलं असावं. पण विचारलं होतं, असं दाखवणारी एक ओळही उरलेली नाही.