सुई लागली, गोटा नाही

"घेऊ नका, पण पाहून तर घ्या!" असं म्हणत ते उजवा हात असा झटकायचे की कापडाचं अख्खं थान गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत जायचं आणि गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन थांबायचं. त्या काळी पांढुर्ण्याच्या बाजारात तुम्ही कधी कापड घेतलं असेल तर हा हात तुम्ही पाहिला असणार. आणि पाहिला असेल, तर ठरवून गेला होतात त्यापेक्षा जास्त कापड घेऊन घरी आला असणार.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. दुकान त्यांचं नव्हतं. शेठजी गल्ल्यावर बसायचे, पण गादीवर राज्य काकाजींचं. लुगडं विकायचं असलं की ते स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवायचे. चांगले उंच, सावळे, झुपकेदार मिशीचे काकाजी पदर घेऊन अर्धे वळले की बायका हसून हसून बेजार व्हायच्या, आणि हसण्याच्या भरात लुगडं पसंत करून टाकायच्या. माझ्या आईनं एकदा विचारलं, "तुमच्या अंगावर साजरं दिसते, माह्या अंगावर दिसन का?"

"वहिनी, माह्यावर दिसते तर कोणावरही दिसन," काकाजी म्हणाले. आई ते लुगडं घेऊन आली.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. मी नुकताच वकील होऊन सौंसरच्या कोर्टात एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली बसू लागलो होतो. बसू लागलो होतो हे अगदी खरं, कारण उठायची वेळ फारशी येत नसे. माझा स्वतःचा म्हणावा असा पहिला दावा काकाजींनी आणला, आणि तो त्यांच्या त्याच उजव्या खांद्याचा होता.

झालं असं. पोळ्याच्या आधी गावातल्या एका ट्रस्टनं हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, लशीचं शिबिर भरवलं. ट्रस्टचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात. पोळ्यानंतरच्या मेळ्याला बाहेरगावची गर्दी होणार म्हणून ही काळजी. बाजारात टेबल मांडलं, लोक ओळीत उभे राहिले, पण पुढे सरकायला कोणी तयार होईना. ज्याला पुढे ढकलावं तो चपला सापडत नाहीत म्हणून मागे जायचा. शेवटी काकाजी दुकानातून खाली उतरले. "सरका बाजूले. मी घेतो, तुम्ही पाहा."

आता कापड विकणाऱ्यानं सुई विकायला घेतली म्हटल्यावर ती साग्रसंगीतच व्हायची. नव्या सदऱ्याची बाही घट्ट होती, दंडावर चढेना. सदरा काढायला हवा होता, पण समोर बायामाणसं. काकाजींनी गळ्याची बटणं सोडली आणि पदर सरकवावा तसा सदरा खांद्यावरून खाली ओढला. टोचणारा घाईत होता. जेवढा खांदा उघडा दिसला तेवढ्यातच, अगदी वरच्या टोकाशी, त्यानं सुई घातली. काकाजी सगळ्यांकडे वळून हसले. "मुंगी चावली, मुंगी! या आता." आणि अख्खी ओळ मुकाट्यानं पुढे सरकली.

दुसऱ्या दिवसापासून हात दुखायला लागला. पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालायला हात वर होईना. चार दिवसांत जाईल म्हणता म्हणता दिवाळी आली, आणि तोपर्यंत हात खांद्याच्या वर जायचाच बंद झाला. वरच्या फळीवरची थानं काढता येईनात, फेकता येईनात. शेठजी वाईट माणूस नव्हते, पण दुकानदार होते. त्यांनी काकाजींना खालच्या फळीपाशी बसवलं. तिथे अस्तर, परकराचं कापड आणि पंचे. अस्तर कोणी पाहून घेत नाही हो. मागतात, फाडतात, घेऊन जातात. काकाजी दिवसभर गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला गादीकडे बघवेना.

नागपूरच्या डॉक्टरनं निदान केलं. सुई फार वर, सांध्यात गेली, आतून सूज आली आणि खांदा धरला. काकाजी ट्रस्टवाल्यांकडे गेले. औषधाचा खर्च द्या आणि चूक झाली म्हणा, एवढंच मागणं. ते हसले. "काकाजी, सुईनं कुठी खांदा जाते का? गोटमारीत लागला असन."

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर हा गोटमारीचा मेळा सांगायला हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. एका काठावर आम्ही पांढुर्णेवाले, समोरच्या काठावर सावरगाववाले, आणि दिवसभर एकमेकांवर गोट्यांचा वर्षाव. डोकी फुटतात, हाडं मोडतात. तक्रार करायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या घरी सोयरीक जुळवायला जायचं, अशी रीत. ती शहाणपणाची आहे असं मी म्हणत नाही. पण काकाजी तरुणपणापासून दरसाल त्या काठावर उभे राहायचे, आणि त्यांना आजवर एकही गोटा लागला नव्हता. गावभर त्यांचा हा लौकिक. म्हणजे ट्रस्टवाल्यांनी एका वाक्यात माणसाला खोटाही ठरवलं आणि त्याची इज्जतही घेतली.

"वकीलबाबू, दावा लावा," काकाजी माझ्यासमोर येऊन बसले.

"लस खराब होती असं म्हणू या का?" मी नव्या उत्साहात विचारलं.

"अजिबात नाही! लस साजरी होती. माहं कोणाशी भांडण असन तर ते सुईच्या जागेशी. लशीले बोल लावसान तर मी दुसरा वकील करीन."

आणि ते तसे वागलेही. दावा चालू असताना गावात लशीचं दुसरं शिबिर भरलं, तर हे सकाळीच टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. येईल त्याला दटावत होते, "सदरा पुरा काढ! लाजून राहिला का? मी लाजलो तर पाहा काय झालं!"

तारखेला आम्ही दोघं पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला जायचो. कधी वाटेत जामसांवळीला उतरायचो. तिथला मारुती आडवा पहुडलेला. काकाजी डाव्या हातानं नमस्कार करून म्हणायचे, "देवा, तू मजेत पडून राहिला, तुले कोणी विचारत नाही कोणाचा गोटा लागला म्हणून." कोर्टात तर त्यांनी आठवडाभरात सगळ्यांशी ओळख केली. माझ्या काळ्या कोटाची बाही चिमटीत धरून म्हणाले, "टेरीकॉट हाय. उन्हाळ्यात उकडून मरसान." त्यांना स्वतःच्या दाव्याची काळजी आहे की माझ्या कोटाची, हे मला समजत नसे. पण परतीच्या बसमध्ये ते डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे, तेव्हा समजायचं.

सगळा दावा एका प्रश्नावर येऊन ठेपला. खांदा सुईनं गेला की गोट्यानं? आपण त्या साली काठावर गेलोच नव्हतो असं काकाजी सांगत होते, पण एवढ्या गर्दीत कोण होतं नि कोण नव्हतं, हे शपथेवर सांगणारा कोणी मिळेना. ट्रस्टचे वकील छिंदवाड्याचे, मुरलेले. त्यांनी साक्षीला सावरगावचा सायकलवाला आणला.

हा सायकलवाला म्हणजे काकाजींचा ठरलेला गोटमारीतला जोडीदार. वर्षभर काकाजींच्या सायकलचं पंक्चर तोच काढायचा, आणि त्याचं धोतर काकाजींच्याच दुकानातलं. पण मेळ्याच्या दिवशी हा त्या काठावर काकाजींच्या बरोब्बर समोर उभा राहायचा. मेळा संपला की पानठेल्यावर दरसाल त्याची एकच गोष्ट. "आज तुमच्या काकाजीचा खांदा शेकला!" कोणी खरं मानत नसे, पण ऐकायचे सगळे. वकिलांनी ते ऐकलं होतं. आता शपथेवर तेवढंच पुन्हा म्हणायचं, की आमचा दावा बुडाला. आणि भर कोर्टात आपला नेम कधीच लागला नाही असं कबूल करणारा सावरगावचा माणूस मला तरी माहीत नव्हता. घर विकेल, पण हे म्हणणार नाही.

त्या दिवशी दोन्ही काठांची माणसं बसा भरून सौंसरला आली होती. कोर्ट मध्य प्रदेशातलं, तेव्हा ट्रस्टच्या वकिलांनी हिंदीत विचारलं, "उस साल के मेले में आपका पत्थर इनके कंधे पर लगा था न?"

सायकलवाला छताकडे बघू लागला. मग आपल्या गाववाल्यांकडे. सगळं सावरगाव माना पुढे काढून बसलेलं.

तेवढ्यात मागून काकाजी उठले. "सांगून दे ना गा, लागला म्हणून. तुह्या गावचे सारे बसले हायेत. मी काही मनात धरत नाही."

मी कपाळावर हात मारला. समोरच्याची लाज राखायला माझाच पक्षकार माझाच दावा बुडवायला निघाला होता! साहेब, म्हणजे न्यायाधीश, बाहेरगावचे होते. ते नुसतं म्हणाले, "आप बैठिए."

काकाजी बसले. सायकलवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकदम त्याचा आवाज चढला. "खोटं काऊन बोलू? नाही लागला! कधीच नाही लागला! इतके वर्षं मारून राहिलो, याच्या धोतरालेही नाही लागला."

मागच्या बाकांवर सावरगावनं एक लांब सुस्कारा सोडला.

"अन् त्या साली तर हा आलाच नव्हता. म्हणे हात उचलत नाही. मी गोटे जमवून उभा, अन् समोर हा नाही. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मंग मले करमेच ना. गोटे नदीत टाकले, घरी गेलो अन् पुरणपोळी खाऊन झोपलो."

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि लिहून घेणाऱ्या बाबूला म्हणाले, "पुरणपोळी मत लिखिए."

बाहेर आल्यावर काकाजी त्याच्यावरच उखडले. "काऊन सांगतलं गा? आता गावात तोंड कसं दाखवशीन?"

"तुहा हात वर होईन तवा दाखवीन," तो म्हणाला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. औषधाचा खर्च आणि वर थोडी भरपाई. काकाजींनी रकमेचं काही विचारलंच नाही. "सुई लिहिली ना? गोटा तर नाही लिहिला?" मी ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अजून एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं. पहिला दावा जिंकल्याचा आनंद होताच, पण हा माणूस खोटा ठरला नाही याचा आनंद त्याहून मोठा होता. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले आणि चूक झाली म्हणाले. काकाजींनी त्यांना चहा पाजला आणि दोन धोतरजोड्या विकल्या.

हात मात्र कोर्टाच्या हुकुमानं वर होत नाही. डॉक्टरनं दोरीचा व्यायाम सांगितला होता. सायकलवाल्यानं एक जुनी रिम आणली, काकाजींच्या ओसरीच्या आढ्याला टांगली आणि तिच्यावरून दोरी सोडली. डाव्या हातानं दोरी खाली ओढायची, की उजवा आपोआप वर जातो. रोज संध्याकाळी सायकलवाला पूल ओलांडून यायचा आणि ओसरीत मांडी ठोकून ओरडायचा, "ओढ! विहिरीतून पाणी काढून राहिला का? ओढ!" काकाजी दुखण्यानं कळवळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि तो प्रत्येक पिढीला मान डोलावून "हव" म्हणायचा. सगळी आळी बघायला जमायची. हात आधी मिशीपर्यंत गेला, मग कानापर्यंत. थानं पुन्हा गादीवरून सरसरू लागली.

पुढच्या मेळ्याला काकाजी मला घेऊन नदीवर गेले. गोटे चालू होते, आरडाओरडा चालू होता. आम्ही मागे, चढावर उभे. समोरच्या काठावर सायकलवाला हातात गोटा घेऊन याच दिशेला बघत होता. काकाजींनी उजवा हात हळूहळू वर नेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, आणि मग पुरता आभाळाकडे. पंजा उघडा. सायकलवाल्यानं गोटा पायाशी टाकला आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागला. त्याच्या शेजारचे सावरगाववाले आपलं माणूस खुळं झालं म्हणून बघत राहिले.

आज दोघंही नाहीत. आधी सायकलवाला गेला, मागोमाग काकाजी. मेळा भरतो, मी जातो. चढावर उभा राहून आमच्या काठाकडे बघतो. वर झालेले हात पुष्कळ दिसतात. रिकामा एकही नसतो.