दिघाशीच्या गोदामात मी पकडलेली भेसळ

दुपारी साडेतीनची वेळ. भिवंडी तालुक्यातलं दिघाशी गाव. काशीदादा पाटलाचं नवं कोरं गोदाम. बाहेर लोडशेडिंग, आत जनरेटरची घरघर.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, इथे नक्की काहीतरी बातमी आहे. मलाही तसंच वाटलं होतं. घोळ तिथंच झाला.

काशीदादा माझा जुना मित्र. भाताच्या खाचरावर गोदाम बांधून बसला होता आणि भाडेकरू मिळत नव्हता. शेवटी नाशिककडची एक वाईन कंपनी तयार झाली. मुंबईच्या हॉटेलांना माल पुरवायला तिला मधल्या वाटेवर थंड जागा हवी होती. अट एकच. काही पेट्या ऐन उन्हाळ्यात दादाच्या एसी खोलीत ठेवायच्या, मग हॉटेलवाल्यांना बोलावून चाखायच्या. चव टिकली तर करार, बिघडली तर रामराम. आणि त्या वर्षांत आमच्याकडची वीज कशी होती ते विचारूच नका. दादा महिनाभर जनरेटरला तान्ह्या पोरासारखं जपत होता.

चाखायच्या दिवशी त्यानं मला बोलावलं. चार ओळी छापून आल्या तर गावाचं नाव होईल, म्हणाला.

आता माझी बाजू समजून घ्या. विषारी दारूनं माणसं दगावल्याच्या बातम्या मी उभ्या आयुष्यात इतक्या लिहिल्या आहेत, की बाटली दिसली की माझा हात आधी पेनाकडे जातो.

टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं. कंपनीच्या देशमुख मॅडम ग्लासात फिकट, जवळजवळ पाण्यासारखी वाईन ओतत होत्या. हॉटेलवाले साहेब ती उजेडात धरत, नाक खुपसून हुंगत, घोट तोंडात खळखळवत. आणि मग? एकेक जण पुढे होऊन स्टीलच्या बादलीत थुंकत होता.

फुकटची दारू थुंकून टाकणारा माणूस मी निजामपुऱ्यापासून अकलोलीपर्यंत कुठेही पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?

मी एक ग्लास उचलला, हुंगला. चक्क चिरलेल्या शिमला मिरचीचा वास! मागून ताज्या कापलेल्या गवताचा. घोट घेतला तर कच्ची कैरी चावल्यासारखे दात आंबले. यात द्राक्ष कुठे होतं? द्राक्षं आम्हीही खातो, ती गोड असतात.

"थांबा," मी ओरडलो, "कोणीही गिळू नका."

तसं कोणी गिळत नव्हतंच. पण त्या क्षणी एवढा विचार कोण करतो?

मी ऑफिसला मोबाईल लावून पहिल्या पानावर जागा अडवली. मग टेबलाखालची त्यांचीच एक रिकामी बाटली घेतली, बादलीतला सगळा ऐवज पुरावा म्हणून तिच्यात भरला, बूच लावलं आणि शेजारच्याच दादाच्या घरात जाऊन ती फ्रीजमध्ये ठेवली. नमुना थंड ठेवावा लागतो, एवढं मला कळतं. येताना वडाखाली बसलेल्या मंडळींनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. सांगणं माझं कामच आहे.

गोदामात परत पोचतो तोवर अर्धं गाव माझ्याही पुढे! कोणी इस्पितळात न्यायला टेम्पो लावला होता. दोघा दणकट पोरांनी एका हॉटेलवाल्या साहेबांना धरून मिठाचं पाणी पाजलं होतं, आणि ते बिचारे "अरे भाई, मैंने पिया ही नहीं" म्हणत ओकत होते.

काशीदादाचा चेहरा पांढराफटक. "भाऊ, माझा गोदाम बुडवलास रं," एवढंच तो म्हणाला.

मॅडम मात्र शांत. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला नेमका वास कसला आला?"

"शिमला मिरचीचा. कापलेल्या गवताचा. आणि चव कच्च्या कैरीची. नाकारता?"

मॅडम खुलल्या. वळून हॉटेलवाल्यांना म्हणाल्या, "ऐकलंत? भिवंडीच्या उन्हाळ्यातही माल शाबूत आहे."

मग माझी शिकवणी झाली. या द्राक्षाचं नाव सोव्हिन्यो ब्लाँ. लहान, हिरवट, बियांचं, खायच्या द्राक्षाशी याचा संबंध नाही. गोडमिट्ट व्हायच्या आतच ते तोडतात. गवत, मिरची आणि दात आंबवणारी चव, हाच त्याचा अस्सलपणा. हा वास गेला असता तरच माल बिघडला म्हणायचा. आणि थुंकायचं का? दिवसभर चाखून शेवटी शुद्धीवर राहायचं असतं म्हणून. हे आधी दारावर लिहून लावायला काय झालं होतं, हा माझा सवाल कायम आहे.

पहिलं पान मी मुकाट्यानं सोडलं. पण मिठाचं पाणी प्यालेले साहेब अडून बसले. ज्यानं बोंब मारली त्यानं सगळ्यांसमोर भरलेला ग्लास प्यावा, तरच पुढचं बोलू.

दादानं हात जोडले. "पी भाऊ. पन थुकायचा न्हाय हां."

टेबलावरच्या बाटल्या गडबडीत लवंडल्या होत्या, आणि एका ग्लासासाठी नवी पेटी कोण फोडणार? मॅडमनी सकाळी वहिनींना एक बाटली भेट दिली होती, ती आणायला दादानं घराकडे हाक मारली. वहिनींनी फ्रीजमधून गार बाटली आणली, बूचही काढलेलं. केवढी तत्परता! मी एका दमात ग्लास रिकामा केला. आता जाणकार झालो होतो, तेव्हा मतही दिलं, "मघापेक्षा ही जास्त भरदार आहे. चवीत बरंच काही एकत्र आल्यासारखं वाटतं."

टाळ्या पडल्या. साहेबांनी मान हलवली, करार झाला, दादा माझ्या गळ्यात पडला.

निघताना पुरावा ओतून टाकावा म्हणून फ्रीज उघडला. मॅडमनी दिलेली बाटली सीलबंद, जशीच्या तशी उभी. माझी नव्हती.

मी वहिनींना विचारलं. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. दादाला विचारलं, तर तो जनरेटरच्या डिझेलवर बोलू लागला. दुसऱ्या दिवशी मॅडमना नाशिकला फोन केला, तर त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुराव्याची बाटली गेली कुठे, या प्रश्नावर आजतागायत एकाही जबाबदार व्यक्तीनं खुलासा केलेला नाही.