हवा मारून साफ

माझ्याइतका शहाणा मेकॅनिक अख्ख्या धुळ्यात नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दुसरं कोणी सांगेना, मग काय करणार! आग्रा रोडला आमचं ट्रकच्या ब्रेकचं गॅरेज होतं. उभं केलं वडिलांनी, म्हणजे आबांनी, ऐट मिरवायचो मी. आबा चाक उतरवायचे, ब्रेकचा ड्रम काढायचे आणि आतली काळी भुकटी घमेल्यात पाणी घेऊन ओल्या ब्रशने धुऊन काढायचे. एका चाकाला अर्धा तास. आयटीआय करून आलेल्या मला हे भांडी घासणं बघवेना.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास मी कंप्रेसर आणला. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आबांना म्हटलं, आता तुम्ही नुसतं बसा. त्यांच्यासाठी खाट टाकली, तीही कंप्रेसरपासून चार पावलांवर. पोराचं कर्तृत्व त्यांना नीट दिसायला नको? ड्रममध्ये हवा मारली की भस्सकन काळा ढग उठायचा आणि ड्रम लख्ख. ड्रायव्हर वाहवा करायचे. मी तोंडाला रुमालसुद्धा बांधत नसे. रुमाल बांधला तर वाहवा कोणाची चाललीये, ते कसं कळणार?

त्याच वर्षी आबा खोकायला लागले. मी तिथल्या तिथे निदान केलं, बिडी. आईची शपथ घालून बिडी सोडवली. सहा महिने झाले तरी खोकला होता तिथंच. मग मी सांगत सुटलो की म्हातारा लपून ओढतो. बापाचे खिसे तपासले मी, एवढा निर्लज्ज. आबा एकदाच बोलले, "मनी बिडी सुटी गई, भाऊ. तुनी हवा कव्हय सुटी?" मला वाटलं, वय झालं की माणूस चिडका होतो.

फैजपूरचे एक नाना केळीचा ट्रक चालवायचे. ते वर्षातून एकदाच यायचे, तेवढ्यावरूनही माझा त्यांच्यावर राग होता. त्या दिवशी त्यांचा ड्रम उघडला, चार लोक जमवून मी थाटात हवा मारली, आणि ढग उठलाच नाही. आत चिमूटभर भुकटी. लोक हसायला लागले तसं मी जाहीर करून टाकलं की नाना, तुमचे ब्रेक लागतच नाहीत, तुम्ही देवाच्या भरवशावर फिरताय.

चाक चढवून झाल्यावर नानांनी मला शेजारी बसवलं आणि लळिंगच्या घाटात नेलं. उताराला त्यांनी खालचा गिअर टाकला आणि पाय उचलून घेतला. इंजिननेच गाडी धरून ठेवली. ब्रेकला पाय लागला तो खाली उतरल्यावर, थांबताना. केळीला हिसका बसला की घड काळे पडतात, व्यापारी मालाला हात लावत नाही, म्हणून केळीवाल्याचा पाय ब्रेकवर सहसा जात नाही, असं ते म्हणाले. मग ड्रमला आतून दाबणारा पट्टा, म्हणजे लायनिंग, घासणार कसं आणि भुकटी होणार कुठून? मी रोज झिजलेली लायनिंग बदलत होतो, पण झिजलेलं जातं कुठे, हा प्रश्न माझ्या टाळक्यात कधी आलाच नव्हता.

आता बॅटरीच्या गाड्यांत हेच काम मोटर करते. पाय उचलला की तीच चाकाला आवरते, वर बॅटरीही भरते. ब्रेक कमी घासतात, भुकटी कमी उडते. शोरूममधला मुलगा मला हे समजावतो तेव्हा मी मान डोलावतो, जसा काही शोध माझाच.

घाटातून परत आलो तर आबा खाटेवर गाढ झोपलेले. दिवसाढवळ्या. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं की तू गेल्यापासून त्यांना एकदाही ढास लागली नाही. तासभर मी गॅरेजात नव्हतो, हवा बंद होती, दुसरं काहीच झालं नव्हतं. मागच्या भंगारातून घमेलं शोधलं, पाणी भरलं आणि ड्रम धुवायला बसलो. जाग आल्यावर आबा उठून आले आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. आयटीआयवाल्याला तेही येत नव्हतं.

खोकला कमी झाला, पण गेला नाही. पुढे काही वर्षांनी त्यांना जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले की ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ वाईट. ह्यांनी त्या धुळीत किती वर्षं काम केलं, असं त्यांनी विचारलं. आबा खाली बघत होते.

"ते पाण्याने धुवायचे," मी म्हणालो. "धूळ मी उडवली. ते नुसते समोर बसायचे. मीच बसवलं होतं."