शेजारच्या सीटखालचा ब्रेक

बाईंच्या अंत्ययात्रेला छप्पन्न गाड्या आल्या आणि सगळ्या चौकात अडकल्या. छप्पन्नही जण बाईंकडे गाडी शिकलेले, आणि चौकात समोरच्याला आधी जाऊ द्यायचं हा बाईंचा पहिला धडा. जो तो काचेतून हात करून ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत होता आणि पुढे कोणीच होत नव्हतं. शेवटी बाईंकडे न शिकलेल्या एका बसवाल्याने मधूनच बस घातली तेव्हा कोंडी फुटली. पुढच्या गाडीत बसलेल्या आजोबांना, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच, हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मुलीला वाटलं बाबांना हुंदका आला, म्हणून तिने पाठीवरून हात फिरवला. मग त्यांना खरंच हुंदका आला.

गावभर त्यांना ब्रेकबाई म्हणत. खरं तर त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन घ्यायला लागल्या होत्या. एक दिवस शिकवणाऱ्या मास्तरांची कंबर धरली, शिकायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं, आणि स्वतः गाडी शिकून जेमतेम आठ महिने झालेल्या बाई पर्स काखोटीला मारून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. त्या उठल्या तीस वर्षांनी.

दोन्ही मुलं मागच्या सीटवर वाढली. मुलगा सिग्नलला पाढे पाठ करायचा. सिग्नल लवकर सुटायचा, त्यामुळे त्याचा सतराचा पाढा आजही सतरा पंचेच्या पुढे सरकत नाही. पुढे नात झाली. तान्ही असताना ती नवशिक्यांच्या धक्क्यांवर गाढ झोपायची आणि कोणी सफाईने चालवायला लागला की टाहो फोडायची. ती रडली की बाई विद्यार्थ्याला सांगत, आता तुम्ही परीक्षेला बसायला हरकत नाही.

बाईंचा सगळ्यात कच्चा विद्यार्थी म्हणजे आजोबा. वाचनालयात ग्रंथपाल, पुस्तकांत बुडालेला माणूस. परवाना मिळाला तो पाचव्या खेपेला. तेव्हापासून ते स्टिअरिंगला बसले की बाई शेजारी, आणि बाईंचा पाय शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या त्या जादा ब्रेकवर. स्कूल बंद पडलं, गाडी घरी आली, तरी बसण्याची जागा बदलली नाही. गाडी थांबली की आजोबा कुरकुरत, मी मारलाच होता ब्रेक. बाई म्हणत, मारला असाल, पण आधी मी मारला. पाहुण्यांसमोर तर त्या ठासून सांगत, ह्यांच्या हातून आजवर कोणी मेलं नाही ते माझ्या पायामुळे.

बाई जाऊन महिना झाल्यावर मुलांनी गाडी विकायचं ठरवलं. घेणारी एक शाळेतली शिक्षिका होती. तिला तो जादा ब्रेक नको होता. गाडी गॅरेजला मी नेतो, असं आजोबांनी जाहीर केलं तेव्हा भावाबहिणींनी एकमेकांकडे पाहिलं. मग कॉलेजात जाणाऱ्या नातीला शेजारी बसवण्यात आलं, आणि आजोबा चष्मा पुसत असताना मुलाने तिच्या कानात सांगितलं, पाय ब्रेकवरून हलवू नकोस.

वाटेत एक सायकल आडवी आली. गाडी कचकन थांबली.

“मी मारलाच होता,” आजोबा म्हणाले.

“पण आधी मी मारला, आजोबा. बघा, वाचलो.”

आजोबांनी एक सुस्कारा सोडला. बाई गेल्या, पाय मागे ठेवून गेल्या, असं त्यांच्या मनात आलं.

गॅरेजवाला गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला. काढायचं काय, असं त्याने विचारलं. पेडल नुसतं शोभेला होतं. त्याची तार त्यानेच सहा वर्षांपूर्वी काढली होती, बाईंच्या सांगण्यावरून.

आजोबा जवळच्या टायरवर बसले. “काय म्हणाली होती?”

गॅरेजवाला जरा घुटमळला. “म्हणाल्या, हे आता नीट चालवतात. माझा पायच ऐकत नाही, उगाच खाली जातो आणि त्यांना धक्के बसतात. तार काढ, पेडल राहू दे. आणि ह्यांना बोलू नकोस, डोक्यावर बसतील.”

अजून सीटवरच बसलेल्या नातीने पेडलवरचा पाय हळूच मागे घेतला.

आजोबांनी मनाशी हिशेब केला. सहा वर्षं, आठवड्याला दोनदा बाजार, एकदा दवाखाना, आणि प्रत्येक फेरीला एक भांडण. ती सगळी भांडणं ते हरले होते आणि सगळ्यांत त्यांचंच खरं होतं. आधी त्यांना भयंकर राग आला. भांडायला समोर कोणी नाही हे लक्षात आलं तेव्हा तो आणखी वाढला. मग ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून इतकं पाणी आलं की गॅरेजवाल्याने घाईघाईने पंखा लावला.

“आजी खोटं बोलायची?” नातीने विचारलं.

“खोटं नाही गं. माझ्या कामाचं श्रेय लाटायची,” आजोबा म्हणाले. “वाचनालयातले साहेबही लाटायचे. त्यांचा मला इतका लळा नव्हता.”

शिक्षिकेला नकार कळवला गेला. मुलगा रागावला, मुलीने त्याला गप्प केलं. आता नातीला गाडी शिकवायचं आजोबांनी मनावर घेतलं आहे. सुरुवात म्हणून त्यांनी तिला वाचनालयातून तीन जाडजूड पुस्तकं आणून दिली. त्यांतलं दुसरं सध्या चालू आहे. गाडीची किल्ली तिला अजून मिळालेली नाही.